स्वप्नामागे लागलेल्या माणसाची गोष्ट लिहायची असेल तर आधी खर्चाची वही काढा

इंदूरमध्ये मराठीत लिहिणाऱ्या नव्या मंडळींच्या कथा मी बरीच वर्षं वाचतोय. त्यात एक साचा हमखास येतो, कोणाचं तरी स्वप्न असतं, घरचे नाही म्हणतात, माणूस आधी झुरतो मग झटतो, आणि शेवटच्या पानावर टाळ्या. भाषा चांगली असते, तळमळही खरी असते, पण दोन दिवसांनी त्या माणसाचं नावसुद्धा आठवत नाही. कारण एकच, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. स्वप्न किती मोठं आहे हे सांगण्यात सगळी पानं जातात, आणि ते कोणाच्या पैशातून, कोणाच्या झोपेतून, कोणाच्या मनाविरुद्ध पुरं होतंय हे कुठे येतच नाही. गोष्ट तर तिथेच असते!

म्हणून खाली जो क्रम दिलाय त्याच क्रमाने करा. पहिल्या पाच पायऱ्या कागदावर झाल्याशिवाय कथेचं पहिलं वाक्य लिहू नका, मनात कितीही सुंदर वाक्य आलेलं असलं तरी. ते बाजूला एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, पळून जात नाही ते.

समजायला सोपं जावं म्हणून एक कॅरेक्टर धरून चालू. वसुधा, वय एक्केचाळीस, राहणार रामबाग, सहकारी बँकेत क्लार्क, घरात नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. तिला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सोन्याचांदीच्या बाजारात, रात्री साबुदाण्याच्या खिचडीचा ठेला लावायचाय. मुद्दाम गाण्याचं किंवा नाटकाचं स्वप्न घेतलं नाही, कारण कलेचं स्वप्न घेतलं की लिहिणारा लगेच हळवा होतो आणि हिशोब विसरतो.

पायरी 1: स्वप्न एका वाक्यात, क्रियापदासकट

"तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय", "त्याला आकाशाला गवसणी घालायचीय" ही स्वप्नं म्हणून चालणार नाहीत, कारण ती पुरी झाली की नाही हे कोणी सांगू शकत नाही. वाक्य असं पाहिजे की त्यात काम, जागा आणि वेळ तिन्ही असतील. वसुधाचं वाक्य: "श्रावण सुरू व्हायच्या आत सराफ्यात एका दुकानाच्या ओटल्यावर स्वतःच्या नावाने खिचडीचा ठेला लावायचा."

श्रावण का, तर उपासाचे दिवस, खिचडीला गिऱ्हाईक जास्त. म्हणजे मुदत तुम्ही वरून लादली नाही, ती त्या धंद्यातूनच आली. मुदत अशीच शोधायची.

*तपासा:* हे वाक्य शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या लगेच उलटा प्रश्न विचारतील का, "अगं पण रात्री?" विचारला तर वाक्य बरोबर आहे. नुसतंच "वा, छान" म्हणाल्या तर परत लिहा.

पायरी 2: का, आणि आत्ताच का

ही पायरी लवकर उरका. "का" चं उत्तर एक प्रसंग असावं, तत्त्वज्ञान नको. वसुधाच्या बँकेत दर संकष्टीला तिच्या डब्यातली खिचडी सगळे खातात आणि डबा रिकामा तिच्याकडे परत येतो, एवढं पुरे. "आत्ताच का" चं उत्तर मात्र बाहेरून यायला पाहिजे. सराफ्यात ओळखीतून एक ओटला मिळतोय, दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर तो दुसऱ्याला जाईल.

*सावध:* मेलेल्या वडिलांची अपुरी इच्छा हे कारण शक्यतो टाळा. त्यात माणूस स्वतःचं स्वप्न बघतच नाही, दुसऱ्याचं ओझं उचलतो. ती वेगळी गोष्ट आहे, लिहायची तर वेगळी लिहा.

पायरी 3: खर्चाची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, इथे घाई केली की पुढची कथा कितीही सजवा, पोकळच राहते. एक खरी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: पैसा, वेळ, शरीर, नातं. प्रत्येक रकान्यात स्वप्नासाठी काय जातंय ते लिहा आणि त्याच्यासमोर हेही लिहा की *ते कोणाचं जातंय*. नव्वद टक्के नवे लेखक फक्त नायकाचा त्याग लिहितात, आणि घरातले बाकीचे लोक जे देतात, न विचारता, त्याचा पत्ताच नसतो.

पैसा. वसुधाकडे आरडीचे दीड लाख आहेत. कोणाचे? नावाने तिचे, पण घरात सगळ्यांना माहीत आहे की ते मुलीच्या पुढच्या वर्षीच्या कोचिंगचे. झालं की नाही, एका नोंदीत मुलगी कथेत आली, आणि नुसती पाठिंबा देणारी गोड मुलगी म्हणून नाही तर जिचे पैसे जाताहेत अशी.

वेळ. सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार, दुकानांची शटरं पडली की मग खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून जाते. बँक दहा ते साडेपाच. म्हणजे साबुदाणा सकाळीच भिजवून जायचा, आल्यावर दाणे भाजायचे, कूट करायचं, बटाटे उकडायचे, नऊला निघायचं, घरी यायला दोन. हे सगळं घड्याळ लावून वहीत लिहा, अर्ध्या अर्ध्या तासाचं. लिहिताना तुमच्याच लक्षात येईल की रात्रीचा स्वयंपाक कोणी करायचा याला जागाच उरली नाही. ती न उरलेली जागा म्हणजे तुमचा एक अख्खा सीन.

शरीर. चार तास उभं राहणं, वाफ, आणि सकाळी सहाला परत उठणं. एक्केचाळिसाव्या वर्षी हे वीस वर्षांच्या पोरासारखं होत नाही. पाय सुजतात. बँकेत दुपारी डोळा लागतो आणि कॅशचा आकडा चुकतो.

नातं. हा रकाना नेहमी सगळ्यात शेवटी भरा, कारण आधीच्या तीन रकान्यांतून तो आपोआप भरत येतो. इथे "सासूबाईंचा विरोध" असं लिहू नका. वस्तू लिहा. रामबागेतल्या त्या जुन्या घराच्या दाराला आतून कडी आहे. वसुधा रात्री दोनला आली की ती कडी कोणीतरी आतून काढली पाहिजे.

एवढं एक वाक्य सापडलं की संवाद स्वतःहून येतात, बघा:

"रात्री दोनला येशील, मग दार कोण उघडणार?"

"मी किल्ली नेईन ना आई."

"कुलूप बाहेरचं असतं वसू. आतली कडी मला काढायला लागेल. म्हणजे तुझा ठेला आणि माझी जाग."

"मग कडी नका लावू."

"चाळीस वर्षं लावतेय मी."

यात कोणी कोणाला "मला माझं आयुष्य जगू द्या" म्हटलं नाही. सासूबाई वाईट नाहीत, त्यांची झोप जातेय, आणि शिवाय त्या घराच्या दारावरचा त्यांचा हक्क जातोय जो त्यांनी कधी बोलूनही दाखवला नव्हता. हे सगळं कडीत आहे.

*तपासा:* वहीत निदान तीन नोंदी अशा आहेत का की ज्यात किंमत नायक सोडून दुसरं कोणीतरी भरतंय? नसतील तर पुढे जाऊ नका.

*तपासा:* प्रत्येक नोंदीत एक हाताला लागणारी वस्तू आहे का, पासबुक, कडी, डबा, चप्पल? नुसतं "कुटुंबाचा वेळ" असं लिहिलं असेल तर ते खोडा.

पायरी 4: साल आणि गाव जुळवा

स्वप्न हवेत नसतं, ते एका सालात आणि एका गावात असतं, आणि साल बदललं की तेच स्वप्न सोपं किंवा अशक्य होतं. इथे आळस केलेल्या कथा मी लगेच ओळखतो.

समजा तुमचा नायक इंदूरचा क्रिकेट खेळणारा मुलगा आहे. 1945-46 ते 1952-53 या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी ट्रॉफी जिंकली, त्या दिवसांत इंदूरच्या पोराला घराजवळच सगळ्यात वरचं क्रिकेट दिसत होतं. पुढे काही वर्षांत तो संघच राहिला नाही, आणि मध्य प्रदेशच्या नावावर रणजी लागायला 2022 उजाडलं. आता तुमचा मुलगा 1950 ला पंधरा वर्षांचा आहे की 1980 ला, यावर त्याच्या बापाचं "क्रिकेटने पोट भरत नाही" हे वाक्य वेगवेगळं ऐकू येतं.

किंवा वडील मिलमध्ये कामाला. हुकमचंद मिल 1991 ला बंद पडली, आणि कामगारांचे अडकलेले पैसे हातात पडायला 2023 चा डिसेंबर आला. बत्तीस वर्षं! त्या घरातल्या मुलीला 1995 मध्ये मुंबईला जाऊन चित्रकला शिकायची असेल तर "वडिलांनी विरोध केला" हे लिहायची गरजच नाही, घरात रोज संध्याकाळी "मिलचे पैसे आले की" असं सुरू होणारं एखादं वाक्य असेल आणि प्रत्येक जण त्याच पैशांवर आपापलं काहीतरी रचत असेल. एका घरात चार माणसांची स्वप्नं एकाच न आलेल्या रकमेवर उभी आहेत, यावर तर अख्खी कादंबरी होईल, कोणीतरी लिहा खरंच.

आजची कथा असेल तर भंवरकुआंच्या बाजूला एक चक्कर मारून या. एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं, एकेका खोलीत दोघं-तिघं, मेसचा डबा, भिंतीवर नकाशा. आधी प्रीलिम्स, मग मेन्स, मग इंटरव्ह्यू. यातल्या कुठल्या टप्प्यावर नायक अडकलाय हे नक्की लिहा. "परीक्षेत नापास झाला" हे ढोबळ झालं. प्रीलिम्सलाच गळणाऱ्याचं दुःख आणि इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन यादीत नाव न येणाऱ्याचं दुःख एक नसतं, दुसऱ्याला घरचे "अजून एकदा बस" म्हणतात आणि तेच त्याला नको असतं.

*सावध:* मुंबईला किंवा पुण्याला पळवून गोष्ट सोडवू नका. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसला आणि कथा संपली, असं फार होतं. गाडी सकाळी मुंबईला पोचते, आणि खर्चाची वही तिथे नव्याने सुरू होते.

पायरी 5: "नाही" म्हणणाऱ्याची बाजू, त्याच्याच तोंडून

जो माणूस आडवा येतोय त्याचं एक पान भरून बोलणं लिहा, "मी" वापरून. हे पान कथेत जाणार नाही. पण ते लिहून झाल्यावर तुम्हाला स्वतःला क्षणभर वाटलं पाहिजे की हा बरोबर बोलतोय. वसुधाच्या नवऱ्याचं पान: "मी तिला कधी अडवलं नाही. नोकरी करते, पगार तिच्या खात्यात. पण मी सकाळी आठला फॅक्टरीत असतो, आईला बीपी आहे, मुलीची बारावी आहे, आणि हिला हे सगळं याच वर्षी करायचंय. पुढच्या वर्षी म्हटलं तर मी स्वतः ठेला ओढेन."

पुढच्या वर्षी! आता वाचक दोघांच्या मध्ये अडकला. पायरी 2 मधली दोन महिन्यांची मुदत इथे कामाला येते, ओटला पुढच्या वर्षी नसणार. आधीच्या पायऱ्या नीट केल्या असतील तर त्या अशा एकमेकीत बसत जातात.

*सावध:* खलनायक आणायचा मोह होईल, लाचखोर माणूस, जळणारी जाऊ वगैरे. आणायचा तर आणा, पण तो काढून टाकला तरी कथा चालते का ते बघा. चालत असेल तर तो जास्तीचा आहे.

पायरी 6: प्रसंगांचा क्रम

आता कुठे कथा रचायची. माझ्या मते हा क्रम बहुतेक वेळा बरोबर बसतो:

क) परत न घेता येणारं पाऊल. वसुधा आरडी मोडते. नुसती स्वप्न बघत खिडकीत उभी राहिली तर तो प्रसंग नव्हे. पहिल्या एक-पंचमांश भागात हे पाऊल पडलंच पाहिजे. लोक इथे सगळ्यात जास्त उशीर करतात, निम्मी कथा ती "विचार करत असते".

ख) पहिली फजिती, आणि ती कामातूनच आलेली. घरी अर्धा किलो साबुदाणा भिजवायचं तिचं माप हातात बसलेलं आहे. पहिल्या रात्रीसाठी पाच किलो भिजवते, तेच माप दहापट करून, एकाच मोठ्या पातेल्यात. खालचा साबुदाणा वरच्याच्या वजनाने दाबला जातो, पाणी तळाशी बसतं, आणि सराफ्यात झाकण उघडते तेव्हा वरचे दाणे कडक आणि खाली गोळा. वाचकाला हे नवीन कळतं आणि नायिका एकदम माणूस वाटते. अशी फजिती लिहायला त्या कामातल्या कोणाला तरी विचारायला पाहिजे, ठेल्यावर उभं राहा, खा, विचारा, इंदूरमध्ये खाण्याबद्दल विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

ग) छोटं यश. छोटंच ठेवा. एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आणखी एकाला घेऊन येतो, बस. पेपरात फोटो नको, व्हिडिओ व्हायरल नको.

घ) तडजोड. हा प्रसंग लोक विसरतात आणि माझ्या लेखी हाच सगळ्यात महत्त्वाचा. वसुधाची खिचडी घरची, साजूक तुपात जिरं-मिरची, दाण्याचं कूट. इंदूरच्या गिऱ्हाइकाला सवय वाफेवरच्या मोकळ्या साबुदाण्याची, वरून मसाला, लिंबू, मूठभर फलाहारी चिवडा. लोक खातात आणि म्हणतात, "भाभी, मिक्स्चर नहीं है?" पहिल्या आठवड्यात ती नाही म्हणते. मग एका रात्री चिवड्याचं पाकीट आणते, आणि त्या रात्री सगळा माल संपतो. आता ती जे विकतेय ते तिचं आहे का? स्वप्न पुरं होता होता त्याचा आकार बदलला. इथे लेखकाने काही बोलायचं नाही, फक्त ते पाकीट कात्रीने कापताना दाखवायचं.

च) वहीतली सगळ्यात जड नोंद समोर येते. मुलीच्या कोचिंगची फी भरायची तारीख, किंवा सासूबाई रात्री कडी काढायला उठल्या आणि पडल्या. एकच निवडा. दोन्ही घेतले तर वाचकाला मुद्दाम रडवल्यासारखं होतं.

छ) निवड. नायिकेला दोन चांगल्या गोष्टींतली एक सोडावी लागते, आणि ती *स्वतः* सोडते.

*तपासा:* ख, घ आणि छ हे तिन्ही प्रसंग नायिकेच्या हातून घडताहेत ना? योगायोगाने, गुरूने किंवा अचानक भेटलेल्या दिलदार शेठजीने घडवले असतील तर परत या पायरीवर या. स्पर्धा जिंकून बक्षिसाच्या रकमेतून सगळं सुटणं हाही शेठजीच, फक्त वेगळ्या कपड्यात.

पायरी 7: लिहायला बसा, आणि "स्वप्न" हा शब्द बंद

पहिल्या खर्ड्यात हा शब्द कुठल्याही पात्राच्या तोंडी येऊ द्यायचा नाही. खरी माणसं घरात असं बोलत नाहीत, ती म्हणतात "ते ठेल्याचं काय ठरलं?" किंवा नुसतं "तुझं ते". शब्द बंद केला की तुम्हाला आपोआप ओटला, पातेलं, कडी, फी यांच्याबद्दल लिहावं लागतं. जिद्द, ध्येय, भरारी, पंख हेही त्याच यादीत.

बोलीचं भान ठेवा. रामबागेतलं मराठी घर सदाशिव पेठेसारखं बोलत नाही. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि मराठीतही हिंदी सहज मिसळलेली. सासूबाई "वसू" म्हणतील, गिऱ्हाईक "भाभी", ओटल्याचा मालक "बहनजी". नवरा तिच्याशी मराठीत भांडतो आणि फोनवर कोणाला तरी तेच हिंदीत हसून सांगतो, असा एक छोटा तुकडा टाकला तर घर उभं राहतं.

पायरी 8: शेवट निवडणं

स्वप्न पुरं झालं की नाही हा शेवट नसतो, ती फक्त माहिती असते. शेवट म्हणजे वहीतल्या एखाद्या नोंदीचं काय झालं ते. वसुधाचा ठेला चालला, पण मुलगी आता तिच्याशी पैशाबद्दल बोलत नाही, सरळ बाबांना विचारते. किंवा ठेला बंद झाला, आणि तरी सासूबाईंनी कडी लावणं सोडलंय. यातला कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा, मला पहिला जास्त खरा वाटतो कारण त्यात यश आहे आणि त्याची किंमतही, आणि दोन्ही एकाच घरात जेवायला बसतात.

*सावध:* अपयशाचा शेवट शिक्षेसारखा लिहू नका, "मोठी स्वप्नं बघितली की असंच होतं" असा वास आला तर वाचक चिडतो आणि बरोबरच चिडतो. उलट सगळ्यांचं मन वळलं, नवरा टाळ्या वाजवतोय, सासू गल्ल्यावर बसलीय, हेही नको. पायरी 5 मधलं ते पान परत वाचा, इतकं बरोबर बोलणारा माणूस एका रात्रीत कसा काय बदलला?

पायरी 9: दुसरा खर्डा, वही शेजारी ठेवून

खर्डा निदान आठवडाभर न बघता ठेवा. मग खर्चाची वही उघडून शेजारी घ्या आणि कथा वाचत जा, वहीतली जी नोंद कथेत सापडली तिच्यावर टिक करा. जी नोंद कथेत कुठेच नाही, तिच्याबद्दल दोनच शक्यता: एक तर ती कथेला नको होती, मग वहीतून खोडा, नाहीतर तुम्ही ती लिहायला घाबरलात. दुसरी शक्यता बहुतेक वेळा नातं या रकान्यात निघते.

मग कथेतून असा प्रत्येक परिच्छेद काढा ज्यात नायिका एकटी बसून विचार करतेय. सगळे काढा, एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि उरलेली कथा मोठ्याने वाचा, शक्यतो लेखक नसलेल्या कोणाला तरी ऐकवा. ऐकणाऱ्याला मध्येच थांबवून विचारा, "हिला आत्ता काय पाहिजे, आणि ते दिलं तर कोणाचं जाईल?" उत्तर लगेच आलं तर तो भाग तसाच ठेवा. अडखळलं तर त्या जागी काढलेल्या परिच्छेदांतलं एखादं वाक्य परत घाला, एकच, आणि पुढे वाचा.